सव्वीसाव्या डब्याला फाईल अडली

आमची आई ऐरोलीला घरूनच डबे देते, आसपास रूमवर राहणारी आयटीतली पोरं, साठ गिऱ्हाईकं आहेत. हिशोब सगळा वहीत. मी तेव्हा सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकत होते, म्हटलं प्रोग्रामच लिहून देते. एक स्ट्रक्चर, म्हणजे एका गिऱ्हाइकाची माहिती एकत्र ठेवणारा साचा, त्यात नाव, महिन्यात गेलेले डबे, बाकी रक्कम, एफराइटने फाईलमध्ये टाकायचं आणि एफरीडने परत वाचायचं.

महिनाभर मस्त चाललं. 30 दिवसांचा महिना, चार रविवार बंद. शेवटच्या रात्री डबे टाकून सेव्ह केलं आणि सकाळी उघडलं तर फक्त 11 गिऱ्हाईकं, आणि आई घाईत होती, तिने वरच्याच एकाचे पैसे जमा करून सेव्ह केलं, झालं, फाईल खरंच अकराचीच झाली. खूप वाईट वाटलं, कारण तिने विश्वासाने वापरलं होतं. वही चालू होती म्हणून वाचलो.

रात्रीची एक कॉपी पेनड्राइव्हवर होती, ती हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या एडिटरमध्ये, उघडली तर सगळी साठ नावं जागेवर. मग वाचताना अकरावरच का थांबतंय? बारावा मुलगा. त्याचा महिन्यात एकही खाडा नाही, डबे बरोबर 26. आणि 26 हा बाइट म्हणजे कंट्रोल-झेड या खुणेचा कोड! सीपीएम या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या काळात फाईलची लांबी 128 बाइटच्या ठोकळ्यांत मोजायचे, त्यामुळे मजकूर नेमका कुठे संपला ते दाखवायला हा बाइट टाकायचे, आणि विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये वाचताना तो आला की आजही फाईल संपली असंच धरलं जातं. मी फाईल उघडणाऱ्या एफओपनला नुसतं आर आणि डब्ल्यू दिलं होतं, म्हणजे टेक्स्ट मोड, आरबी आणि डब्ल्यूबी नाही; बी म्हणजे बायनरी, बाइट जसेच्या तसे. कॉलेजच्या लॅबमध्ये लिनक्स, तिथे बी असो नसो फरकच पडत नाही, म्हणून तिकडे कधी कळलं नाही. 10 या नव्या ओळीच्या बाइटचंही तसंच, विंडोज लिहिताना त्याच्या आधी गुपचूप 13 घुसवतं, वाचताना काढून टाकतं, पण एफसीकने फाईलमधल्या ठराविक जागी उडी मारायला गेलात की जागा चुकते.

जागेवरून आठवलं, नावाचे 25 बाइट, डब्यांच्या इंटचे 4, रकमेच्या डबलचे 8, बेरीज 37 येते पण स्ट्रक्चरचा आकार विचारला की साइझऑफ 40 सांगतो, कारण नावानंतर कंपायलर 3 बाइट मोकळे सोडतो. त्यामुळे हाताने बेरीज करू नका, साइझऑफच वापरा.

खरी चूक मात्र बी विसरण्याची नाही असं मला वाटतं, एफरीड किती रेकॉर्ड आले ते सांगतो आणि मी ते कशाशीच ताडून बघत नव्हते. आता फाईलच्या सुरुवातीलाच एकूण गिऱ्हाईकं किती तो आकडा लिहिते, वाचलेले तेवढे भरले नाहीत तर सेव्हच होत नाही, आणि सेव्ह करतानाही आधी वेगळ्या नावाने लिहून, एफक्लोजने फाईल बंद होईपर्यंत सगळं नीट झालं की मगच जुनी फाईल काढते.

सध्या मोबाइल नंबर घालायचाय, म्हणजे स्ट्रक्चर मोठं होणार आणि जुनी फाईल तशी वाचता येणार नाही, म्हणून जुनं स्ट्रक्चर वेगळ्या नावाने ठेवून छोटा कन्व्हर्टर लिहायला घेतलाय.