तिसरी लिंक

मी अंध विद्यार्थ्यांना संगणक शिकवते. आमच्या वर्गात माउसला काम नसतं. एफ आणि जे या अक्षरांवरचे बारीक उंचवटे बोटांना सापडले की कीबोर्ड हाताखाली येतो, आणि पडद्यावरचं वाचून दाखवायला एनव्हीडीए हे मोफत सॉफ्टवेअर असतं. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये ते सुरू केलं आणि जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र त्याला येऊन मिळाला. त्यात के दाबलं की पुढची लिंक ऐकू येते. एका वेळी एकच. म्हणून आमची मुलं पान पाहत नाहीत, पाठ करतात.

त्या मंगळवारी बँकेच्या परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा बातम्या शोधत होता. मीच त्याला शिकवलं होतं: शोध घेतला की निकालांच्या वरच्या पट्टीत जायचं, तिथून के तीनदा. प्रतिमा, व्हिडिओ, बातम्या. मग एंटर. एवढं मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून सगळ्यांच्या फोनवर दिलं होतं.

त्याने 'सोन्याचा भाव' असं टाइप केलं, के तीनदा दाबलं आणि एंटर दिलं. शेवटचा शब्द ऐकायला तो थांबलाच नाही, कारण बोटांना क्रम पाठ होता. मी दुसऱ्या मुलीजवळ होते. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "मॅडम, सोनं एवढं स्वस्त कसं झालं?" समोर ब्रेल पाटीवर त्याने आकडे टोचून घेतले होते. पडद्यावर सोन्याचं पाणी दिलेल्या कानातल्यांच्या जाहिराती होत्या. तिसऱ्या जागी त्या दिवशी 'खरेदी' होतं.

मी सांगितल्यावर तो एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "माझंच मोजायला चुकलं असेल." आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. सावकाश, एकेक लिंक पूर्ण ऐकत. त्याचं मोजणं बरोबर होतं. ते वाक्य मला आजही सहन होत नाही.

मग आम्ही दोघांनी मुद्दाम करून पाहिलं. 'रेपो दर' टाकलं तर बातम्या दुसऱ्या जागी. एका गावाचं नाव टाकलं तर नकाशे पुढे आले आणि बातम्या 'आणखी'च्या आत गेल्या. आपण काय शोधतोय यावर ते सर्च इंजिन बटणांचा क्रम ठरवत होतं. मी रोज तेच वापरते, तरी हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. डोळ्यांना शब्द कुठेही असला तरी दिसतो, हात तिकडे वळतो. कधी घाईत भलतंच बटण दाबलं गेलं, तर तेही मी माझ्याच घाईवर ढकललं होतं.

वेबसाइट अपंगांनाही नीट वापरता याव्यात, यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांच्या 2008 च्या आवृत्तीत हे साफ लिहिलंय: अनेक पानांवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या मार्गदर्शक लिंक दर वेळी त्याच सापेक्ष क्रमाने याव्यात, वापरणाऱ्याने स्वतः बदलल्या तरच बदलाव्यात. हव्या त्या गोष्टीला ठळक करा, मोठं करा, काहीही करा. पण तिला जागेवरून हलवता तेव्हा जो जागेवर विसंबून आहे, त्याच्या पायाखालची पायरी काढता.

त्या संध्याकाळी मी धडा बदलला. आता मोजायचं नाही. एनव्हीडीएची की, म्हणजे इन्सर्टचं बटण, धरून एफ7 दाबायचं, पानावरच्या सगळ्या लिंकची यादी उघडते, तिथे 'बात' टाइप करायचं. हे लांबचं आहे. भाषा बदलून देवनागरीत यावं लागतं, नवशिक्यांची तिथेच दमछाक होते. तीन वेळा के दाबण्याची सर त्याला नाही.

जुनं रेकॉर्डिंग काढून टाका, असं सांगायला मी शिकून गेलेल्यांनाही फोन केले. एक ताई लग्नानंतर गावी गेल्यात. त्या म्हणाल्या, "मी दोन महिने झाले शोधणंच सोडलंय, मॅडम. मला वाटलं, शिकलेलं विसरले मी."

"ताई, लॅपटॉप जवळ आहे का?" मी विचारलं.

त्यांनी तो कपाटातून काढला. चार्जिंग उतरलं होतं. चार्जर सापडून तो सुरू होईपर्यंत मी फोन धरून थांबले.