आमच्या घरातले अकरा काटे

रविवारी आईनं चमच्यांचा स्टँड रिकामा करून घासायला घेतला आणि मला बसवलं पुसायला. डाव, झारा, वाटीचे चमचे सगळं झाल्यावर तळातनं काटे निघाले, मोजले तर अकरा, आणि एकाचा एकाशी मेळ नाही. दोन कुणाच्यातरी आहेराच्या सेटमधले, एक हिरव्या प्लास्टिकच्या मुठीचा, एक पार वाकलेला, आणि एकाच्या दातांच्या बेचक्यात काळी रेघ, ती म्हणे 2019 च्या पुरातली. (सांगलीच्या गावभागात घर असलं की प्रत्येक भांड्याला एक पुराची गोष्ट असते.)

आता गंमत अशी की आमच्यात काट्यानं जेवतं कोण, तर कुणीच नाही. पोरं मॅगीला घेतात तेवढंच. पण आईचं काट्याशिवाय अडतं! भरताचं वांगं गॅसवर ठेवायच्या आधी टोचायला काटा, खारी पुरी फुगू नये म्हणून भोकं पाडायला काटा, आणि दिवाळीत ऐनवेळी कातण सापडलं नाही की करंजीची कड दाबायलापण काटाच.

शिवाय सांगलीत नुसतं काटा म्हणलं तर हा काटा डोक्यात येतच नाही. आधी ऊस कारखान्याचा वजनकाटा, मग काटाकिर्र मिसळ, मग बाभळीचा, ताटाशेजारचा सगळ्यात शेवटी. इंग्रजी फोर्क शब्द आलाय लॅटिनमधल्या फुर्का वरनं, म्हणजे गवत उचलायचं दोन टोकांचं अवजार. हे वाचलं आणि आज्जाचं बेळकं आठवलं, कुंपणाला बाभळीच्या फांद्या सरकवायचं ते दोन फाट्यांचं लाकूड. म्हणजे वस्तू मुळात तीच, युरोपात ती शेतातनं स्वयंपाकघरात आली, मांस कापताना धरून ठेवायला लागली, आणि लई उशिरा ताटाशेजारी जाऊन बसली, आपलं बेळकं मात्र कुंपणापाशीच राहिलं.

आणि ताटाशेजारी बसतानापण तिला सुखानं बसू दिलं नाही. 11व्या शतकात बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजघराण्यातली एक बाई लग्न होऊन व्हेनिसला आली, ती अन्नाला बोट न लावता सोन्याच्या दोन दाती काट्यानं खायची, तर पीटर डेमियन नावाच्या धर्मगुरूनं तिच्या या नखऱ्यांवर लिहून ठेवलंय, आणि तिला जो भयंकर रोग झाला ती देवानं दिलेली शिक्षा म्हणे.

मला सगळ्यात आवडलेला माणूस म्हणजे थॉमस कोरियट. हा इंग्रज 1608 मध्ये इटली फिरून आला, तिथं लोक काट्यानं खातात हे बघून स्वतःपण तसंच खायला लागला आणि 1611 साली छापलेल्या प्रवासवर्णनात ते लिहिलं. मित्रांनी नाव पाडलं फुर्सिफर, म्हणजे काटेवाला, आणि लॅटिनमध्ये त्याचा दुसरा अर्थ बदमाश. इटलीतले लोक काटा का वापरतात तर त्याच्या म्हणण्यानुसार सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात म्हणून. आमची आज्जी याच्या बरोबर उलटं बोलायची, माझा हात मी धुतलाय, तुझा चमचा कुणी धुतला मला काय माहीत! हाच कोरियट पुढं पायी चालत चालत हिंदुस्थानात आला, अजमेरला जहांगीरच्या दरबारात पोचला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. इथं आल्यावर जेवताना काय करायचा कुणास ठाऊक.

माझं काट्याशी वाकडं आहे ते वेगळ्याच कारणानं. मी डावखुरी. लहानपणी डावा हात ताटात गेला की आज्जीचा फटका ठरलेला, त्यामुळं लिहिते डाव्यानं आणि जेवते उजव्यानं. मग नोकरी लागल्यावर ट्रेनिंगमध्ये हॉटेलात नेऊन शिकवलं काय, तर काटा डाव्या हातात धरा, सुरी उजव्या! वीस वर्षं मार खाऊन जे सोडलं तेच मॅनर्स म्हणून परत. (अमेरिकेत म्हणे कापून झालं की काटा परत उजव्या हातात घेतात, आज्जीला ते पटलं असतं.)

बाकी आधीचे काटे दोन दाती आणि सरळ होते, त्यामुळं बारीक काही उचललं की मधनं पडायचं, मग दात वाढत गेले, थोडा बाक आला आणि 19व्या शतकापर्यंत चार दाती काटा सगळीकडं रुळला. पुढं माशाचा वेगळा, शिंपल्यांचा वेगळा असली चैन सुरू झाली. आमच्या अकरात एक केकचा काटापण निघाला, त्याचा डावीकडचा दात मुद्दाम रुंद असतो, कडेनं केक कापता यावा म्हणून, अर्थात तो उजव्या हातवाल्यांसाठी, मी धरला की ती कड उलटीकडं येते. 1874 मध्ये अमेरिकेत सॅम्युअल फ्रान्सिसनं तर चमचा, काटा आणि सुरी एकातच बसवून पेटंट घेतलं. आणि आपल्याकडं जुलै 2022 पासून प्लास्टिकचे काटे-चमचे बंद झाल्यापासून केकबरोबर ते लाकडी मिळतात, पहिल्या घासाला लाकडाचीच चव, दुसऱ्याला एक दात केकमध्ये.

पुसून झाल्यावर तो वाकलेला मी भंगारात टाकायला बाजूला ठेवला होता. आईनं उचलून गुपचूप स्टँडमध्ये सारला. म्हणाली, असू दे, दिवाळीला कातण सापडायचं नाही.