टीप शून्य

न्यूयॉर्कला पिवळ्या टॅक्सीत बसलात की तुमची फेरी सरकारदरबारी नोंदली जाते. कधी बसलात, कधी उतरलात, किती मैल गेलात, भाडं किती, टीप किती. नाव तेवढं नाही. महिन्या-महिन्याच्या या नोंदी कोणालाही उतरवून घेता येतात आणि इथे नाशिकात बसून मला त्या चाळायचा नाद लागलाय. घरी याला रिकामपणचे उद्योग म्हणतात.

पण त्यात शहर दिसतं. दुपारी चार-पाचच्या सुमारास, ऐन गर्दीच्या तोंडावर, तिथे टॅक्सी मिळता मिळत नाही. कारण अनेक गाड्या दोन-दोन ड्रायव्हर आळीपाळीने चालवतात आणि नेमकी तेव्हा पाळी बदलते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. शिफ्ट सुटताना त्र्यंबक रोडला जायची हौस कोणाला आहे?

२०१४ साली एकाने तिथल्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली आदल्या वर्षीच्या सगळ्या फेऱ्या मागवल्या. १७ कोटींहून जास्त निघाल्या! टॅक्सीचे नंबर गणिती सूत्राने झाकून दिले होते, पण नंबरांची ठेवण ठरलेली, त्यामुळे शक्य तेवढे सगळे नंबर त्याच सूत्रातून काढून बघितले की झाकलेलं उघडं पडतं. तसंच झालं. मग कोणीतरी टॅक्सीत चढणाऱ्या नटनट्यांचे छापून आलेले फोटो शोधत बसलं. फोटोत टॅक्सीचा नंबर, वेळ ठाऊक, की त्यांनी टीप किती दिली तेही कळलं. काहींच्या नावापुढे शून्य. झालं, कंजूष म्हणून बोभाटा! खरी गंमत अशी की त्या रकान्यात फक्त कार्डाने दिलेली टीप येते. रोख दिलेली कुठेच लिहिली जात नाही. कोणी दहाची नोट ड्रायव्हरच्या हातावर ठेवली असली, तरी कागदोपत्री तो शून्यच.

हे वाचल्यापासून मला आपलं सगळं शहरच त्या शून्यात बसलेलं दिसतं. शालिमारला ‘नाशिकरोड, नाशिकरोड’ करत उभ्या असलेल्या शेअर रिक्षाची नोंद कुठे होते? मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला अर्ध्या मांडीवर चौथा. मीटर आहे, पण त्यावर फडकं टाकलेलं. बुधवारी गोदाघाटाच्या बाजारातून चढलेल्या मावशींच्या पिशवीतून मेथीची जुडी शेजाऱ्याच्या गुडघ्याला लागते, त्या ‘सरका की थोडं, दादा’ म्हणतात आणि तेवढ्याच भाड्यात दीड माणसाची जागा घेतात. प्रवासी किती, हा रकाना इथे भरायचा कसा?

हिशेब मात्र पक्का असतो, ड्रायव्हरच्या डोक्यात. स्टँडवरच्या एका जुन्या रिक्षावाल्या काकांना धंद्याचं विचारलं तर त्यांनी तंबाखू मळता मळता सगळं वर्ष मांडलं. सकाळी पंचवटी एक्सप्रेस गाठणाऱ्या पासवाल्यांशी घासाघीस करायची नाही, ते रोजचे. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी, म्हणून आदल्या रात्री झोपायचं नाही. परीक्षा संपल्या की कॉलेज रोडला उभं राहण्यात अर्थ नाही. माझ्या मते हे न्यूयॉर्कच्या कुठल्याही तक्त्याच्या तोडीचं आहे, फक्त ते उतरवून घेता येत नाही.

आता ॲपवरूनही रिक्षा येते. म्हटलं, चला, आपणही नोंदीत आलो. परवा मुंबई नाक्यावरून इंदिरानगरला जायला रिक्षा बोलावली. ड्रायव्हर आला, मोबाइलकडे बघितलं आणि म्हणाला, “साहेब, कॅन्सल करून टाका. तेवढ्यातच सोडतो, रोख द्या.”

केली कॅन्सल. कंपनीच्या लेखी मी त्या संध्याकाळी कुठेच गेलो नाही. वर दहा रुपये सुट्टे नव्हते म्हणून तेही त्यालाच सोडून आलो.