२८ रुपयांची मालकी

नेटफ्लिक्सने २९ सप्टेंबर २०२३ रोजी अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवणे कायमचे बंद केले. पुढच्याच वर्षी बेस्ट बाय या मोठ्या दुकानसाखळीने चित्रपटांच्या डीव्हीडी आणि ब्लू-रे विकणे थांबवले, आणि दुकानांच्या दाराशी लाल यंत्रे उभी करून डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या रेडबॉक्सचेही दिवाळे निघाले. तिकडच्या संग्राहकांनी यावर भरपूर हळहळ व्यक्त केली. आपल्याकडे ही पडझड त्याच्या बरीच आधी उरकली होती आणि तिची कोणी फारशी दखलही घेतली नाही.

मोझर बेअर ही कोऱ्या सीडी बनवणारी कंपनी. २००७ च्या सुमारास ती चित्रपटांच्या विक्रीत उतरली आणि तिने व्हीसीडीची, म्हणजे साध्या सीडीवर उतरवलेल्या चित्रपटाची, किंमत २८ रुपये, तर डीव्हीडीची ३४ रुपये ठेवली. स्टेशनबाहेर पदपथावर मिळणाऱ्या चोरट्या प्रतीची किंमतही साधारण तेवढीच असल्यामुळे, अस्सल माल घेण्यासाठी मध्यमवर्गीय माणसाला प्रथमच मन मोठे करावे लागले नाही. भाजी घ्यायला गेलेली माणसे पिशवीत दोन चित्रपट घालून घरी येऊ लागली. पुढे जानेवारी २०१६ मध्ये नेटफ्लिक्स भारतात आले, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने डेटा जवळजवळ फुकट केला, आणि २०१८ मध्ये मोझर बेअर अवसायनात निघाली. तिच्या पतनाला सौरऊर्जेच्या व्यवसायाचा आणि कर्जाचाही हातभार होता, त्यामुळे सारा दोष स्ट्रीमिंगच्या माथी मारणे योग्य नाही. पण सीडीच्या दुकानांत मोबाइलची कव्हरे लटकू लागली ती याच काळात.

व्हीसीडीचे गोडवे गाण्यात मात्र अर्थ नाही. चित्राचा आकार अवघा ३५२ बाय २८८ ठिपक्यांचा, त्यामुळे दूरच्या दृश्यात चेहरे म्हणजे नुसते डाग दिसत, आणि हालचाल वेगवान झाली की पडद्यावर चौकोनांचा खच पडे. एका सीडीवर सव्वा तासापेक्षा थोडेसेच जास्त चित्रण मावत असल्याने हिंदी चित्रपटाला दोन किंवा तीन सीडी लागत आणि कथा नको तिथे तुटे. आजच्या टीव्हीवर ते चित्र ताणून पाहणे ही शिक्षाच आहे. चित्रपटांपुरते बोलायचे तर त्यांतील बहुतेक आता याहून कितीतरी चांगल्या रूपात उपलब्ध आहेत, आणि त्या सीडी गेल्याचे मला दुःख नाही.

नाटकांची गोष्ट निराळी आहे. मराठी घरांत व्हीसीडीचा खरा उपयोग झाला तो नाटकांसाठी. ज्या गावांत नाट्यगृह नव्हते किंवा असूनही दौरे पोहोचत नव्हते तिथे, आणि परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी, ही नाटके गेली. काहींचे चित्रण भरल्या प्रयोगात झाले, तर काहींचे प्रेक्षकांविना, आणि मागाहून घातलेला हशा लगेच ओळखू येई. दोन पात्रांपैकी ऐकणाऱ्याचा चेहरा पाहायचा असताना कॅमेरा नेमका बोलणाऱ्यावर जाऊन बसे. तरीही एखाद्या नटाने विनोदी वाक्याआधी घेतलेला किंचित थांबा, पदर खोचून वळण्याची एखाद्या अभिनेत्रीची ढब, नंतर बदलत गेलेल्या संचातील मूळ माणसे, हे सारे त्या धूसर चित्रात टिकून आहे. चित्रपटाची मूळ प्रत कुठेतरी असण्याची शक्यता तरी असते. प्रयोग त्या रात्रीच संपतो आणि मागे चित्रण असले तर असते.

यांतील काही नाटके आता यूट्यूबवर आहेत, काही सशुल्क स्ट्रीमिंग मंचांवर आहेत, आणि ती तिथे मिळतात याचा मला आनंदच आहे. प्रश्न आहे तो जी कुठेच नाहीत त्यांचा. चित्रणाचे हक्क एका कंपनीकडे, संहितेचे लेखकाच्या वारसांकडे आणि मूळ टेप तिसऱ्याच कोणाकडे, अशी स्थिती असली की ते नाटक पुन्हा लोकांसमोर आणण्याचे काम अंगावर घ्यायला कोणी धजावत नाही. शिवाय मंचावर आज असलेले उद्या तिथे असेलच असे नाही. मे २०२३ मध्ये डिस्नेने हिशेबाच्या कारणावरून स्वतःच्याच कितीतरी मालिका आपल्या मंचावरून काढून टाकल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस प्लेस्टेशनवर लोकांनी पैसे मोजून ‘विकत’ घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढले जाणार असल्याचे सोनीने जाहीर केले. ओरड झाल्यावर निर्णय मागे घेतला गेला, पण ग्राहकाच्या हाती मुळात काय होते तेही त्यातून कळले. कॅलिफोर्नियाने तर २०२५ पासून, असा माल विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो हे स्पष्ट सांगण्याची सक्ती केली आहे. मोझर बेअर बुडाली तेव्हा तिची २८ रुपयांची व्हीसीडी परत न्यायला कोणी आले नाही.

अर्थात सीडीही अमर नाही. तिची चकचकीत बाजू आपण जिवापाड जपतो, पण सीडीत माहितीचा थर असतो तो छापील बाजूला, वार्निशच्या पातळ पापुद्र्याखाली. खालच्या बाजूचा ओरखडा पुष्कळदा पुसता येतो. वरच्या बाजूने बॉलपेनने नाव लिहिताना थर दबला तर तेवढा भाग कायमचा जातो. सीडी उजेडासमोर धरून पाहावी, टाचणीच्या टोकाएवढी भोके चमकताना दिसली तर थर जायला सुरुवात झाली आहे असे समजावे.

व्हीसीडीला कुलूप नसते, हे तिचे मोठे भाग्य. संगणकात घातल्यावर ‘एमपीईजीएव्ही’ नावाचे फोल्डर दिसते, त्यात ‘डॅट’ प्रकारच्या फाइल असतात. त्या उचलून हार्ड डिस्कवर ठेवल्या की चित्रफिती चालवणारे व्हीएलसी हे सॉफ्टवेअर त्या तशाच चालवते. सीडी अडखळली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, एका यंत्राला न वाचता येणारी सीडी दुसरे यंत्र पुष्कळदा वाचते. नव्या लॅपटॉपला सीडीची खाचच नसते, पण यूएसबीने जोडायचा ड्राइव्ह अजून दुकानात मिळतो. दिवाळीच्या साफसफाईत नाटकांच्या व्हीसीडी भंगारात काढणाऱ्यांनी आधी तो एक आणावा, आणि सर्वांत आधी ज्या नाटकाचे नाव यूट्यूबवर शोधूनही सापडत नाही त्याची प्रत करावी.