मिरगाआधीची माती, बरणीतले चोवीस तास

मिरगाचा पाऊस पडून गेल्यावर नमुना गोळा करण्यात अर्थ नाही. कोरडी माती भिजताच तिच्यातून कार्बन डायऑक्साइडची जी उसळी येते, तीच मोजायची; ती तोवर ओसरलेली असते. म्हणून दापोली तालुक्यातली माती मेअखेरीस, ठणठणीत कोरडी असतानाच उचलली. एक देवराईतली, एक भातखाचरातली, दोन्ही वरच्या १५ सेंमी थरातल्या.

जांभ्याच्या मातीत खडा फार. २ मिमी चाळणीवर राहिलेला खडा वेगळा तोलून ठेवायचा, नाहीतर पुढे हेक्टरी हिशेब फुगतो. चाळलेली ५० ग्रॅम माती १ लिटरच्या बरणीत घातली, तिच्या जलधारणक्षमतेच्या निम्मं पाणी दिलं. आत छोट्या बाटलीत मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला ०.५ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) कॉस्टिक सोडा, १० मिली. झाकणाच्या रबराला व्हॅसलीन. सोबत माती नसलेल्या कोऱ्या बरण्या हव्यातच, कारण कॉस्टिक उघडं राहिलं की हवेतलाही कार्बन डायऑक्साइड शोषतं. कोऱ्या बरणीशिवाय आलेला आकडा मी तरी मानत नाही.

चोवीस तासांनी, शोषलेला कार्बन डायऑक्साइड साका होऊन खाली बसावा म्हणून बाटलीत बेरियम क्लोराइड घातलं. देवराईच्या बाटलीत पांढरा साका इतका दाट आला की तळ दिसेना. मग उरलेलं कॉस्टिक मोजायला फिनॉल्फ्थॅलिन हा रंगदर्शक टाकून, गुलाबी रंग जाईपर्यंत ०.५ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. कोऱ्या बरणीला ९.८ मिली लागलं, देवराईला ७.४. फरक २.४, गुणिले आम्लाची तीव्रता ०.५, गुणिले कर्बाचा (कार्बनचा) तुल्यभार ६: म्हणजे ७.२ मिलिग्रॅम कर्ब. किलोमागे १४४, तेही एका दिवसात!

मृदाशास्त्रज्ञ बर्च यांनी १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवरून हे दाखवलं, म्हणून याला 'बर्च परिणाम' म्हणतात. उन्हाळ्यात मेलेले जिवाणू, तगलेल्यांनी पेशीत साठवलेली आणि पाणी लागताच बाहेर टाकलेली संयुगं, ढेकळं फुटून उघडे पडलेले सेंद्रिय पदार्थ, यांवर उरलेले सूक्ष्मजीव तुटून पडतात.

खरा धक्का खाचराच्या मातीने दिला. तिची एक बरणी मुद्दाम वर पाणी तुंबेल इतकी भरली होती. फरक जेमतेम ०.३ मिली. "झाकण गळतंय," असं सहकाऱ्याचं मत. तपासलं, झाकण घट्ट होतं. ऑक्सिजन पाण्यातून हवेच्या सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो, त्यामुळे श्वसनच मंदावलं होतं.

पण यावरून कर्ब जमिनीत राहिला असं लिहू नये. ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव श्वसनासाठी त्याच्या जागी आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, लोह, सल्फेट, आणि शेवटी मिथेन बनवणाऱ्यांची पाळी येते. जांभ्यात लोह भरपूर, म्हणून मिथेन उशिरा सुरू होतो; खार जमिनीत समुद्राचा सल्फेट तेच करतो. आणि मिथेन कॉस्टिकमध्ये अडकतच नाही. त्यासाठी झाकणाला रबरी बूच बसवून, सिरिंजने आतली हवा काढून गॅस क्रोमॅटोग्राफवर (वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर) घालावी लागते. तुंबलेल्या बरण्यांना आता तशीच बुचं लावली आहेत.