सूतभर

आखडलेलं अंग सावकाश हालचालींनी सोडवायला मी शिकवते. त्या दिवशी आलेले काका शिंपी होते. पस्तीस वर्षं मशीनवर. आल्या आल्या म्हणाले, "कंबर धरलीय ताई, जरा जोर लावून मोकळी करा."

पायात बधिरपणा, अशक्तपणा, लघवीवरचा ताबा हे सगळं आधी विचारून घेतलं. त्यातलं काही असतं तर थेट डॉक्टरांकडेच धाडलं असतं. नव्हतं.

पुढची चूक माझी. उजवा खुबा पुढून आखडलेला दिसला आणि मी एक गुडघा टेकवून चांगला ताण द्यायला लावला. काका उठले ते आणखी वाकून. सोअस हा स्नायू कंबरेच्या मणक्यांपासून निघून ओटीपोटातून मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने चिकटतो. आधीच दबकून बसलेल्या स्नायूला ओढलं की तो उलट आवळू शकतो. हे मी रोज शिकवते!

मग त्यांना पाठीवर झोपवलं, गुडघे वाकवून, पावलं जमिनीवर. श्वास घेताना कंबर किंचित उचलायची, सोडताना हळूच टेकवायची. काकांनी दातओठ खाऊन कमान केली.

"निम्मं करा." केलं. "त्याच्याही निम्मं."

"अहो, मग हललं कसं म्हणायचं?"

"काका, सूतभर."

हसले. सूत त्यांना माझ्याहून जास्त कळतं.

अमेरिकन तत्त्वज्ञ थॉमस हॅना यांनी १९७६ मध्ये या कामाला 'सोमॅटिक्स' हे नाव दिलं. त्यांचं म्हणणं असं, की सतत आवळलेला स्नायू सोडायचा कसा हेच मेंदू विसरतो. म्हणून आधी मुद्दाम थोडा आवळायचा, मग अगदी सावकाश सोडायचा. झोपेतून उठलेली मांजर हेच करते. त्याला 'पँडिक्युलेशन' असं भारदस्त नाव आहे. मी आपली आळोखेपिळोखे म्हणते.

सातव्या-आठव्या वेळेला मला दिसलं, की श्वास सोडताना त्यांच्या उजव्या पायाची बोटं दरवेळी जमीन दाबत होती. डाव्याची नाही.

"काका, मशीन चालू आहे."

त्यांनी मान उचलून पायाकडे पाहिलं. "पायडल," एवढंच म्हणाले. बोटं सुटली, गुडघा जरासा बाहेर कलला आणि श्वास पहिल्यांदा पोटापर्यंत उतरला. आम्ही दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

उठून चार पावलं चालले. "दुखतंय अजून. पण पट्टा एक भोक सैल केल्यासारखं वाटतंय."

दाराशी चप्पल घालताना बोटं पुन्हा आवळली गेली. मी काही बोलायच्या आत काका थांबले आणि ती त्यांची त्यांनीच सोडली.