पहिली सीडी भुश्यात गेली

२००५ साली दादा मँचेस्टरहून शिकून परत आला. आईसाठी स्वेटर, बाबांसाठी व्हर्निअर कॅलिपर आणि माझ्यासाठी दोन सीड्यांचा एक संच. 'द फॉल' नावाच्या बँडचा. संचाचं नाव 'फिफ्टी थाउजंड फॉल फॅन्स कान्ट बी राँग', खाली '३९ गोल्डन ग्रेट्स'. एल्व्हिस प्रेस्लीच्या १९५९ सालच्या संग्रहाचं नाव उचलून ठेवलेलं हे नाव, असं दादानं सांगितलं. एल्व्हिसचे चाहते पाच कोटी, यांचे पन्नास हजार. "पण ते पन्नास हजार हटत नाहीत बघ," दादा म्हणाला.

आमचं पॅटर्न शॉप कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो ठसा उमटवावा लागतो, त्याचा लाकडी नमुना आम्ही करतो. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. तेव्हा नुकतीच बाबांच्या हाताखाली बसायला लागले होते. कपाटावर एक जुना सीडी प्लेअर होता, त्यावर दिवसभर भक्तिगीतं आणि क्रिकेटची कॉमेंट्री. पहिली सीडी मी दोनदा ऐकली. तिसऱ्या दिवशी ती डबीत न घालता बेंचवर ठेवून जेवायला गेले. परत आले तर तिच्यावर पॉलिश पेपरचा तुकडा, त्यावर कोअर बॉक्स आणि सगळ्यावर सागवानाचा भुसा. सागवानाचा भुसा पिठासारखा मऊ असतो, पण त्याच्यात पेपरची कच मिसळली की काही खरं नाही. सीडी सुरू व्हायची आणि तिसऱ्या गाण्यात अडकायची. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

मग पुढची बारा-तेरा वर्षं माझ्याकडे द फॉल होता तो फक्त दुसऱ्या सीडीवरचा. हा बँड १९७६ साली मँचेस्टरजवळच्या प्रेस्टविचमध्ये सुरू झाला. नाव घेतलं आल्बेर काम्यूच्या कादंबरीवरून. बँडचा गायक मार्क ई. स्मिथ तेव्हा बंदरावर कारकुनी करायचा. हे सगळं मला दादाकडून ऐकून माहीत होतं, पण ती सुरुवात कानावर नव्हती. माझ्यासाठी बँड अर्ध्या रस्त्यात सुरू व्हायचा आणि २००३ पाशी थांबायचा.

स्मिथ गातो असं म्हणता येत नाही. तो पुकारतो. मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला बोली पुकारणारा माणूस ऐकला असेल तर अंदाज येईल. आवाजाला गोडवा नाही, पण शंभर माणसांच्या गलक्यात तोच ऐकू येतो. शब्दाच्या शेवटी तो एक जादाचा 'अ' लावतो, जणू शब्द आपटून खाली ठेवतोय. निम्मे शब्द मला आजही कळत नाहीत. 'टच सेन्सिटिव्ह' हे १९९९ चं गाणं मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पुढं इंग्लंडात ते मोटारीच्या जाहिरातीलाही वापरलं गेलं. मला ते ऐकताना रंधा मारायला आवडायचं, हात आपोआप त्या ठेक्यात जायचा.

बीबीसी रेडिओवर गाणी लावणारा जॉन पील या बँडचा मोठा चाहता. १९७८ पासून २००४ पर्यंत त्याच्या कार्यक्रमासाठी द फॉलनं २४ वेळा रेकॉर्डिंग केलं. हा संग्रह २००४ च्या जूनमध्ये आला आणि त्याच ऑक्टोबरात पील गेला. बँडबद्दल त्यानं म्हटलेलं वाक्य प्रसिद्ध आहे: हे लोक नेहमी वेगळे असतात आणि नेहमी तसेच असतात. दादानं हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी म्हटलं, अरे, हे तर आमचं काम आहे.

म्हणजे बघा. पंपाच्या बॉडीचा एक पॅटर्न असतो. बिडाचं कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, थंड होताना आकसतं, मीटरला साधारण दहा मिलिमीटर, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करायचा. वाळूतून निघताना कडा ढासळू नयेत म्हणून उभ्या बाजूंना किंचित उतार द्यायचा. इतकं सगळं करून पॅटर्न फाउंड्रीत गेला की मोल्डर त्याच्याभोवती पेटीत वाळू ठोकतो, पॅटर्न काढून घेतो, पोकळीत रस ओततो आणि गार झाल्यावर मोल्ड फोडून टाकतो. पुढच्या नगाला परत नवा मोल्ड. पॅटर्न तोच, पण प्रत्येक कास्टिंग नव्या वाळूतून जन्माला आलेलं. हजार नग एका रांगेत ठेवले तर तुम्हाला एकसारखे दिसतील. बाबा मात्र हात फिरवून सांगायचे, हा दिवसपाळीचा, हा रात्रपाळीचा.

२५ जानेवारी २०१८ ला सकाळी दादाचा पुण्याहून फोन आला. मार्क स्मिथ आदल्या दिवशी गेला होता. साठ वर्षांचा होता. दादाला पुढं बोलवेना. त्या दिवशी मी शॉपमध्ये बसून फोनवर त्या पहिल्या सीडीतली गाणी एकेक शोधली आणि सीडीच्या डबीवर छापलेल्या क्रमानं ऐकली. मग दुसरी सीडी. ३९ गाणी, वर्षांच्या क्रमानं, पहिल्यांदा सलग.

पहिलंच गाणं 'रिपिटिशन'. १९७८ सालच्या त्यांच्या पहिल्या ईपीवरचं, म्हणजे छोट्या रेकॉर्डवरचं. एकच तुकडा पुन्हा पुन्हा, घासत घासत पुढं जाणारा, आणि त्यात हा विशीतला पोरगा जाहीर करून टाकतो की आम्ही आमच्या संगीतात पुनरावृत्ती करणार आणि ती कधीही सोडणार नाही. ४० वर्षं त्यानं शब्द पाळला. मला आपली हलगी आठवली. मैदानात कुस्ती लागली की हलगी तोच ठेका धरून बसते, आणि तोच ठेका दहा मिनिटं ऐकल्यावर अंगावर काटा येतो. त्यात बदल कुठला झाला ते नेमकं सांगता येत नाही, पण झालेला असतो.

'किकर कॉन्स्पिरसी' ऐकलं तेव्हा तर मी दादाला उलटा फोन केला. १९८३ चं गाणं, विषय फुटबॉल. चांगल्या खेळाडूचं कसब खुर्चीतली माणसं कशी मारून टाकतात, त्याचा संताप त्यात आहे. स्मिथ मँचेस्टर सिटी या फुटबॉल क्लबचा पक्का समर्थक. २००५ साली बीबीसीवर सामन्यांचे निकालही त्यानं त्याच्या त्या आवाजात वाचून दाखवले होते. दादा आमच्या पेठेच्या संघातून शाहू स्टेडियमवर चार हंगाम लेफ्ट बॅक खेळला आहे. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा सामना असला की आमच्या घरात तेव्हा जेवणं वेळेवर व्हायची नाहीत. मी म्हटलं, "दादा, हे गाणं तुझंच की!" तो म्हणाला, "मग मी तुला तो संच उगाच आणला होता होय गं?"

पण एका बाबतीत माझं आणि दादाचं पटत नाही, आणि हे सगळं लिहायला बसले ते त्यासाठीच.

दादाच्या लेखी द फॉल म्हणजे स्मिथ. बँडमधून ६० हून जास्त माणसं आली आणि गेली, पण मी आणि तुमची आजी बोंगो वाजवायला असली तरी तो फॉलच, असं स्मिथ स्वतःच म्हणायचा. दादा याला तालमीचा दाखला देतो. पोरं येतात, जातात, तालीम राहते, वस्ताद राहतो.

मला हे मान्य नाही, आणि ते या संग्रहानंच मला दाखवलं. असे 'बेस्ट ऑफ' संग्रह बहुतेक वेळा गाजलेली गाणी पुढं घेतात आणि बाकीची मागं भरतात. इथं गाणी सालानुसार लावली आहेत. त्यातही हा बँड इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांकडून रेकॉर्ड काढत फिरला, की ही सगळी गाणी एका जागी ओळीनं ऐकायला मिळणंच मोठं आहे. ओळीनं ऐकली की माणसं आत आलेली आणि बाहेर पडलेली कळतात. १९७९ ला स्टीव्ह हॅनली बास गिटारला येतो आणि पायाखाली फरशी बसवल्यासारखं वाटतं. १९८० ला त्याचा धाकटा भाऊ पॉल ड्रम्सवर येतो, तेव्हा तो जेमतेम सोळाचा. पुढं काही वर्षं दोन दोन ड्रमर, भिंत ठोकल्यासारखा आवाज. १९८३ ला ब्रिक्स येते, स्मिथची बायको, अमेरिकन, आणि अचानक गिटारमध्ये ऊन येतं. ती १९८९ ला जाते आणि ते ऊनही जातं. १९९८ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला स्टेजवरच मारामारी झाली आणि हॅनली गेला, एकोणीस वर्षांनी. त्यानंतरची गाणी मला अगोदरपासून पाठ होती, पण त्यातून काय गेलं आहे ते पहिली सीडी ऐकल्याशिवाय कळणं शक्यच नव्हतं.

पॅटर्न कितीही चांगला असू दे, तो स्वतः कास्टिंग होत नाही. वाळू ठोकणारा हात लागतो. स्मिथ पॅटर्न होता हे मला शंभर टक्के कबूल. तसा दुसरा झाला नाही. पण माणसांना त्यानं फार वाईट वागवलं, आणि त्याच्या मोठेपणाच्या गोष्टीत ती वागणूक गंमत म्हणून सांगितली जाते याचा मला राग येतो. हॅनलीचा बास काढून ती गाणी ऐकून बघा.

संग्रहानंतरही बँड चौदा वर्षं चालला. शेवटचा अल्बम २०१७ चा. दादा म्हणतो, त्यामुळं हा संच अपुरा आहे. आहेच. तरी नव्या माणसानं कुठून सुरुवात करावी असं कुणी विचारलं तर मी हाच सांगते, फक्त पहिल्यापासून ऐका, गाणी उलटसुलट करू नका.

मागच्या आठवड्यात आमचे जुने मिस्त्री मामा शॉपवर आले होते. बाबांच्या बरोबरीनं सत्तावीस वर्षं इथं काम केलेला माणूस. आता गुडघे दुखतात म्हणून घरी असतात, पण महिन्यातून एकदा येऊन पटाश्यांना धार लावून देतात. कुणाला हात लावू देत नाहीत. मी काम करता करता स्पीकरवर पहिली सीडी लावली होती, अर्थात फोनवरून. 'टोटली वायर्ड' सुरू झालं. मामा सहाणेवर पटाशी फिरवत होते. तेल, दोन बोटांचा दाब, पुढं, मागं. थोड्या वेळानं त्यांचा हात थांबला.

"ताई, ह्यो मागं घुम् घुम् वाजवतोय त्यो कोण?"

"स्टीव्ह हॅनली म्हणून आहे मामा."

"वरडतोय त्यो न्हवं?"

"नाही, तो वेगळा. हा मागचा."

"किती वर्सं हुता?"

"एकोणीस."

"मग?"

"भांडण झालं. गेला."

मामांनी पटाशी उजेडात धरली, धारेवरून अंगठा आडवा फिरवला आणि परत सहाणेवर टेकवली.

"परत लाव की ते," म्हणाले. "पयल्यापासनं."